गड पाहिले, खोरे पाहायचे राहिले : कृष्णाकाठ आणि सायकल

१/
प्रतापगडाची भेट आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९, जावळीचे रान, शामियाना, वाघनखे. त्या भेटीआधी अफझलखानाचा तळ कोठे होता, असे विचारले तर ‘वाईला’ हे उत्तरही अनेकांना देता येते. पण वाईलाच का, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. हा धागा त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. असे प्रश्न पडण्यासाठी आपल्या पिढीने सायकलवर बसले पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यास थोडा विस्तार लागेल. सवडीने वाचावे.

२/
अफझलखान हा वाई प्रांताचा सुभेदार राहिलेला माणूस होता. हे खोरे त्याला ठाऊक होते. हजारोंच्या फौजेला धान्य लागते, घोड्यांना आणि हत्तींना चारा लागतो आणि सर्वांना पाणी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर यांतले काहीच पुरेसे मिळत नाही. ते मिळते कृष्णेच्या रुंद, सुपीक काठावर. जावळीचा डोंगर हे युद्धाचे ठिकाण होते. पण युद्ध पोसण्याचे सामर्थ्य खोऱ्यात होते. ही गोष्ट नकाशावर समजते. मात्र पटते ती वाईहून पश्चिमेकडे जाताना, जेव्हा शेते अरुंद होत जातात आणि डोंगर जवळ येत जातात.

३/
आपण गडांची पिढी आहोत. शनिवारी रात्री निघायचे, पहाटे पायथा गाठायचा, सूर्योदय माथ्यावर पाहायचा, दुपारी परतायचे. यात निंदा करण्यासारखे काही नाही. गडांनी आपल्याला इतिहासाकडे आणले. परंतु पायथ्यापर्यंतचा प्रवास आपण झोपेत किंवा बंद काचांआड करतो. परिणामी आपल्या मनातला मराठेशाहीचा नकाशा हा सुट्या शिखरांचा नकाशा झाला आहे. शिखरांच्या मधली जमीन त्यात कोरी आहे. आणि मराठेशाहीत राहणारी बहुसंख्य माणसे त्याच कोऱ्या जागेत राहत होती.

४/
मग सायकलच का? कारण खोऱ्याची मांडणी पायांच्या वेगावर झाली आहे. शेत गावापासून इतक्या अंतरावर असावे की सकाळी जाऊन संध्याकाळी परतता यावे. आठवड्याचा बाजार इतक्या अंतरावर की डोक्यावरची पाटी घेऊन एका दिवसात जाणे-येणे व्हावे. नदीच्या उतारावर चढण किती, ओढा कोठे ओलांडायचा, हे बैलाच्या दमावर ठरलेले. मोटारीला हे काहीच जाणवत नाही. पायी चालणाऱ्याला सर्व जाणवते, पण एका दिवसात तो दोन-तीन गावांपलीकडे जात नाही. सायकलस्वाराला चढ मांड्यांत जाणवतो आणि तरीही संपूर्ण खोऱ्याचा तुकडा एका दिवसात त्याच्या नजरेखालून जातो.

५/
उदाहरणादाखल एकच मार्ग घेऊ: धोम, मेणवली, वाई, मग नदीच्या उताराने लिंब आणि अखेरीस साताऱ्याजवळचे संगम माहुली. सारे मिळून साधारण ५० किलोमीटर. सवय असलेल्याला हा अर्ध्या दिवसाचा रस्ता, नसलेल्याला पूर्ण दिवसाचा. महामार्गाचा तुकडा शक्य तेवढा टाळून गावांतले रस्ते धरावेत. या ५० किलोमीटरांत यादवकालीन परंपरेच्या खुणांपासून १८१७ पर्यंतचा इतिहास अक्षरशः रस्त्याच्या कडेला उभा आहे, आणि त्यातला फारच थोडा भाग कोणत्याही गडावर आहे.

६/
प्रथम रस्त्याविषयी. हा रस्ता सपाट नाही आणि घाटासारखा तीव्रही नाही. तो लाटांसारखा वर-खाली होत जातो. याचे कारण दोन्ही बाजूंच्या डोंगरांत आहे. पांडवगड, वैराटगड यांसारखे गड ज्या सोंडांवर उभे आहेत, त्या सोंडा नदीकडे उतरत येतात. दोन सोंडांच्या मधून ओढा वाहतो. रस्ता सोंडेवर चढतो, ओढ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. गावे बहुधा नदीजवळच्या उंचवट्यावर सापडतात: पाणी जवळ, पण पुराच्या टप्प्याबाहेर. तिसऱ्या-चौथ्या चढानंतर हे सूत्र सांगावे लागत नाही. पुढचे गाव कोठे असेल, याचा अंदाज आपणच बांधू लागतो.

७/
धोमला नृसिंहाचे आणि महादेवाचे देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर, कमळाच्या आकाराच्या कुंडात बसवलेला आहे. कुंड पाण्याने भरले की कासव तरंगत असल्याचा भास व्हावा, अशी ती योजना. पाण्याशी खेळण्याची हौस असलेल्या कारागिरांचे हे काम. आणि वर काही अंतरावर धोम धरणाची भिंत. त्या जलाशयाखाली शेती गेली, वस्त्या गेल्या, माणसांना दुसरीकडे बसवावे लागले. त्याच पाण्यावर खालचा ऊस उभा आहे. कुंड आणि धरण एकाच सकाळी पाहिले की ‘वारसा’ हा शब्द आपण किती सोयीने वापरतो, हे लक्षात येते.

८/
नदीच्या उताराने मेणवली. नाना फडणवीसांचा (१७४२–१८००) वाडा येथे कृष्णेच्या काठी उभा आहे. सहा चौक, जाड भिंती, काही दालनांत भित्तिचित्रे आणि मागच्या बाजूने थेट नदीच्या घाटावर उतरण्याची सोय. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे हा घाट देशभर पोहोचला, पण त्याची खरी ओळख वेगळी आहे. पुण्याच्या राजकारणात आयुष्य घालवणाऱ्या माणसाने आपली प्रतिष्ठा एका लहानशा गावात, नदीकडे तोंड करून का उभी केली? कारण त्या काळी सत्ता शहरात गाजवली जाई, पण तिचे मूळ गावात, वतनात आणि इनामात रुजलेले असे.

९/
याच घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाल येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरालाही अशा घंटा आहेत. एवढी जड धातूची वस्तू किनाऱ्यावरून सह्याद्री चढवून येथे आणली गेली. मोटारीतून येणाऱ्याला ती विजयाची निशाणी दिसते. चढ चढून आलेल्याला त्याशिवाय आणखी एक गोष्ट सुचते: हे ओढणारे बैल आणि हाकणारी माणसे कोण होती?

१०/
मेणवलीची दुसरी संपत्ती कागदांची होती. नानांच्या घराण्याचा कागदपत्रांचा संग्रह अभ्यासकांना ‘मेणवली दप्तर’ या नावाने परिचित आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनिसांसारख्या इतिहाससंग्राहकाने त्याचा उपयोग केला. उत्तर पेशवाईविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्यातला मोठा भाग अशा दप्तरांवर उभा आहे. म्हणजे एका राज्याचा कारभार समजून घेण्याची गुरुकिल्ली राजधानीत नव्हती, तीन-चार हजार पावलांत फिरून होईल अशा एका खेड्यात होती. हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या गल्ल्यांतून सायकल हातात धरून चालणे वेगळे.

११/
पुढे वाई. ओळीने सात घाट आणि त्यांवरची देवळे. रास्ते घराण्याने बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाकडे (१७६२) सगळे समोरून पाहतात. ते मागून, नदीच्या प्रवाहाच्या बाजूने पाहावे. मागची भिंत होडीच्या नाळेसारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे. श्रद्धेची वास्तू आणि जलविज्ञान यांत त्या गवंड्याने भेद केला नव्हता. आणि प्रत्येक घाटाचा स्वतंत्र कृष्णाबाईचा उत्सव हिवाळ्याच्या अखेरीस पाळीपाळीने होतो. या उत्सवाचा आरंभ अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णेला बोललेल्या नवसातून झाला, असे परंपरा सांगते. धाग्याच्या सुरुवातीचा तळ गावाच्या स्मृतीत असा शिल्लक आहे.

१२/
वाईचे ऋण इतिहासाच्या विद्यार्थ्यांवर आणखी एका कारणाने आहे. वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे येथल्याच एका जुन्या घराण्याकडे मिळाली. त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे २२ खंडांची ती माला उभी राहिली. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरची आणि तळघरांतली रुमाले सोडून पाहिली. त्यांच्यापाशी नकाशे दाखवणारा फोन नव्हता. पाय होते, चिकाटी होती आणि लोकांच्या ओट्यावर तासन्‌तास बसण्याची तयारी होती.

१३/
दुसरे उदाहरण दा. ध. कोसंबींचे. गणितज्ञ असलेला हा माणूस पुण्याच्या परिसरात पायी भटकला. शेंदूर फासलेले तांदळे, देवीची ठाणी, सूक्ष्म पाषाणहत्यारे आणि जुन्या पायवाटा यांचा परस्परसंबंध त्यांनी जोडून दाखवला. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या त्यांच्या पुस्तकातील देवींच्या ठाण्यांवरचा निबंध मुळात वाटांविषयीचा निबंध आहे. राजवाडे आणि कोसंबी यांचे विचार एकमेकांपासून फार दूरचे. परंतु पद्धतीच्या एका मुद्द्यावर दोघे एकत्र येतात: दप्तराबाहेरचा प्रदेश हादेखील पुरावा आहे आणि तो वाचायचा तर संथपणे त्यातून गेले पाहिजे.

१४/
रस्त्याकडेचा सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे वीरगळ. मारुतीच्या देवळामागे, पाराला टेकवून, कधी धुणे धुण्याच्या दगडाशेजारी तो उभा असतो. वाचायचा तो खालून वर: खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडवताना आलेले मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ही कीर्ती आचंद्रसूर्य टिको. शेजारी कोपरात वाकवलेला हात दिसला तर ती सतीशिळा. राजांची नावे कोरलेल्या ताम्रपटांहून हे दगड मला अधिक बोलके वाटतात. गावाची गुरे वाचवताना मेलेल्या माणसाला इतिहासात दुसरी जागा कोठे मिळाली असती?

१५/
आता लिंब. साताऱ्याच्या अलीकडे, या गावाजवळच्या शेरीत ‘बारा मोटेची विहीर’ आहे. शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधवली, असे तेथील शिलालेख सांगतो. वरून पाहिले तर आकार शिवलिंगासारखा. पायऱ्या उतरून आत गेले की विहिरीच्या पोटातच दालने असलेला छोटा महाल लागतो. ‘शेरी’ हा शब्दही ध्यानात ठेवावा: सरकारच्या खास मालकीची, सरकारच्या वतीने कसवली जाणारी जमीन. नावच सांगते की ही विहीर हौसेची नव्हती; ती शेतीच्या व्यवस्थेचा कणा होती.

१६/
मोट आपल्या पिढीने पाहिलेली नाही, म्हणून थोडे स्पष्टीकरण. चामड्याची मोठी पखाल नाड्याला बांधून विहिरीत सोडायची. बैल धावेच्या उतारावरून खाली चालू लागले की ती भरून वर येई आणि थारोळ्यात रिती होई. तेथून पाणी पाटाने शेतात. मग बैल मागे सरत आणि पखाल पुन्हा खाली जाई. बारा मोटा एका वेळी चालवायच्या तर बैलांच्या बारा जोड्या, बारा मोटकरी, चामडे कमावणारे, नाडे वळणारे, चाके घडवणारे सुतार. लिंबच्या विहिरीच्या काठावर उभे राहून हा हिशेब मांडला की बलुतेदारी ही व्याख्या उरत नाही. तिचा आवाज ऐकू येतो. आणि त्या श्रमांतल्या जातींच्या उतरंडीचाही.

१७/
येथे सायकलशी एक खराखुरा धागा जुळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरू झाला. त्यातून पुढे लोखंडी नांगर आला. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, तीही याच कृष्णेच्या खोऱ्यात, खालच्या अंगाला. आणि पुढे त्याच उद्योगातून पंप निघू लागले. ज्या पंपांनी मोटा थांबवल्या त्यांच्या वंशावळीत सायकल आहे. तेव्हा सायकल ही कृष्णाकाठच्या इतिहासाकडे बाहेरून पाहणारी पाहुणी नव्हे. ती त्या इतिहासातली एक पात्र आहे.

१८/
अखेरचा टप्पा संगम माहुली: कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम. विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधवले. किर्लोस्करांना जमीन देणारे औंधचे पंतप्रतिनिधी याच घराण्याचे. १५ डिसेंबर १७४९ रोजी निधन पावलेल्या शाहू महाराजांची समाधी येथे नदीच्या पात्रालगत आहे. अटकेपर्यंत गेलेल्या राज्याचा पाया ज्याच्या कारकिर्दीत विस्तारला, त्या छत्रपतीची समाधी किती साधी आहे आणि पुराच्या गाळात ती किती सहज दिसेनाशी होऊ शकते, हे प्रत्येकाने एकदा पाहावे. गडांवरच्या गर्दीतला शंभरावा हिस्सासुद्धा येथे नसतो.

१९/
माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे जन्मगाव. राघोबादादांना नारायणरावांच्या खुनाबद्दल दोषी ठरवणारा न्यायाधीश या घाटांवर वाढला. आणि १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसरा बाजीराव आणि सर जॉन माल्कम यांची भेट याच माहुलीला झाली. तीन महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई पेटली. म्हणजे शाहूंच्या राज्याच्या विस्ताराची आणि पेशवाईच्या अस्ताची पावले एकाच वाळूत उमटली आहेत. वाईच्या तळापासून माहुलीच्या भेटीपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे. मध्ये एकही गड चढावा लागलेला नाही.

२०/
आता मुद्दा. हे सारे टिकून राहील असे गृहीत धरता येत नाही. रस्ता रुंद होतो तेव्हा प्रथम कडेचे वड जातात, मग जुना मैलाचा दगड, मग पार, आणि पारासोबत त्याला टेकलेला वीरगळ. कोणी द्वेषाने करत नाही. त्या दगडाला नाव नसते आणि नोंदीत तो नसतो, एवढेच. वाड्यांच्या वाटण्या होतात आणि लाकूड विकले जाते. घाटावर सांडपाणी उतरते. वीरगळावर भक्तिभावाने ऑइलपेंट चढतो आणि कोरीव रेषा बुजतात. गडाची तटबंदी ढासळली तर बातमी होते. ओढ्यावरचा जुना दगडी बांध गेला तर गावातल्या दोन वृद्धांखेरीज कोणाला कळतही नाही.

२१/
सायकलमुळे काही वाचू शकते का? याला एक विलक्षण उत्तर इटलीत आहे. टस्कनी प्रांतातही अशाच टेकड्या, द्राक्षमळे, मध्ययुगीन गावे आणि त्यांना जोडणारे पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवर डांबर पडू लागले तेव्हा १९९७ मध्ये जानकार्लो ब्रोची यांनी गायोले इन किआंती या गावी ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. हेतू एकच: हे रस्ते म्हणजे वारसा आहे, हे लोकांना पटवणे. पुढे २००७ मध्ये त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली. तिचे नावच ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते. आज त्या धुळीच्या वाटा सिएनाच्या परिसराची ओळख आहेत.

२२/
आपण त्याची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. टस्कनीतल्या गावकऱ्याला धुळीचा रस्ता परवडतो. आपल्याकडे त्याच रस्त्याने दवाखाना आणि शाळा गाठायची असते. पक्का रस्ता हा गावाचा हक्क आहे. परंतु त्या प्रयोगातून घ्यायचा धडा वेगळा आहे. तेथे कोणी एका किल्ल्याला किंवा एका चर्चला वारसा म्हटले नाही; रस्ता, उतार, शेत आणि गाव या संपूर्ण सलग दृश्याला वारसा म्हटले. आपल्या संरक्षित वास्तूंच्या याद्या सुट्या सुट्या वास्तूंच्या आहेत. मेणवलीचा घाट, वाईची देवळे, लिंबची विहीर आणि माहुलीचा संगम हे एकच वाक्य आहे. आपण त्यातले चार शब्द वेगळे कापून ठेवले आहेत.

२३/
आक्षेप येतील, आणि ते योग्य आहेत. पहिला: सायकल चालवणे हा आता शहरी, महागड्या हौसेचा प्रकार झाला आहे. खरे आहे, पण ते सायकलचे वैशिष्ट्य नव्हे, आपले आहे. दूधवाला, टपालवाला, शाळेत जाणाऱ्या मुली यांची सायकल या रस्त्यांवर कधीपासून आहे. साधी, गिअर नसलेली सायकलही या मार्गाला चालते; मोठ्या चढावर उतरून ढकलावी, त्यात कमीपणा नाही. दुसरा: रस्ते सुरक्षित नाहीत, विशेषतः एकट्या मुलीसाठी. हेही खरे, आणि म्हणून चार-पाच जणांनी मिळून, पहाटे लवकर निघून, ऊसवाहतुकीच्या हंगामात विशेष जपून जावे. गावांतले रस्ते सुरक्षित करण्याची मागणी हीसुद्धा वारसा जपण्याचीच मागणी आहे.

२४/
तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: गडांवर जी गर्दी आणि कचरा झाला तो आता खोऱ्यातही नेणार का? खोरे ओसाड नाही. तेथे माणसे राहतात. घाट हे स्त्रियांच्या धुण्याचे आणि गप्पांचे ठिकाण आहे, आपल्या छायाचित्रांचे नेपथ्य नव्हे. मेणवलीचा वाडा खासगी मालकीचा आहे. तेव्हा विचारल्याशिवाय आत पाऊल नाही, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो नाही. गडावर आपण वारसदाराच्या ऐटीत जातो. गावात पाहुण्याच्या अदबीने जावे लागेल. हा बदल आपल्याला थोडा जड जाईल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ती अदब उपयोगीच पडेल.

२५/
तर काय करावे? आपल्या घराजवळची एक नदी निवडावी. कृष्णाच हवी असे नाही. नीरा, कऱ्हा, प्रवरा, पंचगंगा, कुठलीही. ३० ते ५० किलोमीटरचा तुकडा घ्यावा आणि वर्षातून तीन वेळा, पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, त्याच मार्गाने जावे. प्रत्येक वीरगळ, बारव, पार, जुना पूल यांची तारखेसह नोंद ठेवावी. ओट्यावरच्या वृद्धांना शेतांची आणि ओढ्यांची नावे विचारावीत. ती कोणत्याही नकाशावर नाहीत. दगड धुऊ नये, घासू नये, रंगवू नये. उघड्यावरच्या मूर्तींची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण चोरही वाचतात. नोंदी जवळच्या अभ्यासकाला किंवा इतिहास संशोधन संस्थेला द्याव्यात.

२६/
शिवचरित्रातले गड आपल्याला आयुष्यभर बोलावत राहतील, आणि आपण जावेच. पण गडावरून खाली पाहताना जी हिरवी, निनावी पट्टी दिसते ती आता निनावी राहू नये. तिच्यात अफझलखानाच्या घोड्यांचा चारा पिकला, राजवाड्यांची पत्रे माळ्यावर पडून राहिली, बारा जोड्या बैलांनी पाणी ओढले आणि एका छत्रपतीची चिता विझली. पुढच्या वेळी पायथा गाठण्याची घाई करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्या आवडत्या गडाला धान्य कोणत्या गावांतून जात होते? उत्तर ठाऊक नसेल तर त्या गावांच्या रस्त्याने सायकलवर जा. आणि एखादा नोंद नसलेला वीरगळ दिसला, तर खाली तालुक्यापुरता उल्लेख करून सांगा. आपण मिळून यादी करू.